अंगणाचा हिशेब

बांधकामाचं अंदाजपत्रक वाचण्याची एक पद्धत असते. बँकेच्या कर्ज विभागात तीस वर्षं घालवलेल्या माणसाच्या ती अंगवळणी पडते. पहिल्या पानावरची बेरीज बघायची नाही, ती सगळेच बघतात. शेवटून सुरुवात करायची. ‘किरकोळ’, ‘आकस्मिक’, ‘सुशोभीकरण’ या नावांखाली काय काय सरकवलं आहे ते पाहायचं आणि मग एकेक बाब हातात घेऊन विचारायचं, की बाबा रे, तुला वापरणार कोण? पोल्ट्रीची शेड असो की बटाट्याचं शीतगृह, या प्रश्नाला उत्तर मिळायचं. कोंबडी वापरणार, बटाटा वापरणार. अलीकडे एका महिला मंडळाच्या बालवाडी-पाळणाघराच्या नव्या इमारतीचं अंदाजपत्रक माझ्याकडे आलं, तेव्हा मी सवयीनं हाच प्रश्न विचारत गेलो. बरीच पानं उलटली तरी एकाही बाबीला ‘मूल’ असं उत्तर येईना. पाहुणे वापरणार, देणगीदार वापरणार, उद्घाटनाला येणारे वापरणार. मुलाचा नंबर फार उशिरा लागला.

मंडळ आमच्या जुहूचंच. जुहू म्हटलं की बाहेरगावच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे नटनट्यांचे बंगले आणि चौपाटीवरची भेळ येते. पण त्या बंगल्यांत केर काढणारी, पोळ्या लाटणारी, गाडी पुसणारी माणसंही कुठंतरी राहतात आणि त्यांनाही मुलं असतात. कोळीवाडा आहे, मोरागाव आहे, नेहरूनगरची दाट वस्ती आहे. शिवाय सोसायट्यांमधून नवरा-बायको दोघंही आठच्या आत बाहेर पडतात अशी घरं आता मोजायच्या पलीकडे गेली आहेत. मंडळाची बैठी शेड जुनी, वर मंगलोरी कौलं, दोन बाजूंना पत्रा. मुलं पस्तीस. जागा एका ट्रस्टनं दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानं दिलेली, म्हणजे जुहूत जी वस्तू सर्वांत महाग ती त्यांना जवळपास फुकट मिळालेली. एवढं असून नवीन इमारतीसाठी एक तृतीयांश रक्कम कमी पडत होती. मंडळाच्या अध्यक्षबाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “साहेब, कुठून कापायचं ते तेवढं तुम्ही सांगा. आम्ही कापलं की नेमकं नको तेच कापलं जातं.”

मी कात्री काढणार तेवढ्यात घरून सल्ला मिळाला. आमची दोन्ही मुलं लहान असताना सौभाग्यवती टेलिफोन खात्यात होत्या आणि त्या काळचं पाळणाघर म्हणजे तळमजल्यावरच्या काकू. त्या म्हणाल्या, “कागद नंतर बघा. आधी एक दिवस त्या मुलांत बसून या.” मी टेप घेऊन गेलो आणि एका कोपऱ्यात बसलो. पस्तीस मुलांच्या गलक्यात पहिला तासभर काही सुचलंच नाही. मग हळूहळू दिसायला लागलं. मुलं उंबऱ्यावर बसत होती. खिडकी उंच, म्हणून दोघं पालथ्या डब्यावर चढून रस्ता बघत होती. एक पोरगी कपाटाच्या मागच्या अरुंद फटीत जाऊन बसे आणि थोड्या वेळानं आपणहून बाहेर येई. पाण्याच्या माठाभोवती सतत वर्दळ. संडास मोठ्या माणसांच्या मापाचा, त्यामुळे प्रत्येक मुलाबरोबर मदतनीस बाईंना आत जावं लागे आणि तेवढा वेळ बाकीची मुलं वाऱ्यावर. मी टेप लावून पाहिला. मुलांनी दिवसभरात ज्या ज्या गोष्टीला हात लावला ती जमिनीपासून तीन फुटांच्या आत होती. छताकडे ती फक्त दुपारी उताणी झोपल्यावर बघत होती, आणि तेही पंखा फिरतो म्हणून.

आर्किटेक्टच्या अंदाजपत्रकातला निम्म्याहून जास्त पैसा तीन फुटांच्या वर होता.

बालवाडीला इमारत लागतेच का, हा प्रश्न मराठी माणसाला नवा असू नये. याच किनाऱ्यावर, जुहूहून उत्तरेला डहाणूच्या पुढे बोर्डी गाव आहे. ताराबाई मोडक यांनी तिथं १९४५ च्या डिसेंबरात ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. बाई काही अडाणी उत्साहातून तिथं गेलेल्या नव्हत्या. राजकोटच्या महिला अध्यापन महाविद्यालयाचं प्राचार्यपद सोडून त्यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचं काम केलं होतं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा केला होता आणि दादरला शिशुविहार चालवलं होतं. मॉन्टेसरी पद्धत त्यांना मुळापासून ठाऊक होती. तिची साधनं किती महाग पडतात हेही ठाऊक होतं. ठरावीक मापाचे ठोकळे, दट्ट्या, घासून गुळगुळीत केलेलं लाकूड, हे सगळं शहरातल्या सुखवस्तू मुलांना परवडणारं. बोर्डीत त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शिंपले घेतले, चिंचोके घेतले, बिया, पानं, दगड, माती घेतली. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे शिंपल्यांतूनही शिकता येतं. तत्त्व तेच राहिलं, खर्च मात्र जवळजवळ शून्यावर आला.

तरीही गावाच्या कडेच्या वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. कारणं साधी होती. धाकट्याला कडेवर घेतलेली मोठी बहीण येणार कशी? आई-बाप मजुरीला गेल्यावर मुलांना आंघोळ घालून पाठवणार कोण? तेव्हा ताराबाईंनी उलटं केलं. बालवाडीच वस्तीत, एका घरापुढच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा निघाली, म्हणजे शाळा गुरांच्या मागे गेली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडीही तिथलीच. हे सगळं करताना बांधकाम हा खर्चाचा सर्वांत मोठा आकडाच त्यांनी खोडून टाकला होता. बँकेच्या भाषेत सांगायचं तर भांडवली खर्च नाही, नुसता चालू खर्च. आणि त्या चालू खर्चातला मुख्य भाग म्हणजे दिवसभर मुलांत बसणारी शहाणी बाई. तिच्या शहाणपणात कपात नव्हती. अनुताई १९४५ साली बोर्डीला आल्या आणि १९९२ साली वारल्या. त्या अंगणातली गुंतवणूक मोजायची तर ही सत्तेचाळीस वर्षं मोजावी लागतील.

सरकारनं २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ गटांत सुरू केली आणि नाव घेतलं ‘अंगणवाडी’. आज हा शब्द हिंदीत, कानडीत, तामिळनाडूपासून आसामपर्यंत चालतो. डहाणूच्या कोपऱ्यातला शब्द देशभर जावा याचा आनंद वाटतो, पण हिशेबनीसाला त्यात एक खोट दिसते. अंगण स्वस्त पडतं हे सरकारच्या लगेच लक्षात आलं. अंगणात बसणारी बाई हाच खरा खर्च आहे, हे लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि सोयीचं वाटलं नाही. तिला ‘सेविका’ म्हटलं, तिच्या पगाराला ‘मानधन’ म्हटलं. तिला ग्रॅच्युइटी मिळायला हवी हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल यावा लागला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस बेमुदत संपावर गेल्या, तेव्हा वर्तमानपत्रांतून पोषण आहाराचं काय होणार याची चिंता खूप वाचली. एवढ्या कामाला एवढं मानधन कसं, हा प्रश्न आतल्या पानात होता.

तेव्हा काटकसरीचे दोन प्रकार आहेत आणि दोन्ही एकाच नावाखाली चालतात. आमच्या मंडळात कोणता चालवायचा हे आधी ठरवायला हवं होतं. मी अध्यक्षबाईंना एक छोटं कोष्टक करून दिलं. एक लाख रुपये बांधकामात वाचले आणि मुदत ठेवीत गेले, तर सात टक्के धरून वर्षाला सात हजार येतात. म्हणजे महिन्याला ५८३ रुपये. महागाई आहे, व्याजदर खाली येतात, हे सगळं मान्य. तरी प्रत्येक बाब या मापानं मोजायची. दर्शनी भागाची सजावट आणि फॉल्स सीलिंग मिळून सहा लाख होते. म्हणजे एका बाईचे दरमहा साडेतीन हजार रुपये आपण छताला टांगून ठेवणार. एवढं सांगितल्यावर कार्यकारिणीच्या बैठकीत ती बाब दोन मिनिटांत उडाली. एरवी तिच्यावर दोन बैठका झाल्या असत्या.

आर्किटेक्ट तरुण आणि समजूतदार निघाला. त्याला मी लॉरी बेकर यांचं नाव सांगितलं, तर तो हसून म्हणाला, “सर, कॉलेजात एक धडा होता.” बेकर इंग्रज. चाळीसच्या दशकात मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत ते मुंबईत अडकले असताना त्यांची गांधीजींशी गाठ पडली. आदर्श घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या सामानातून बांधलेलं असावं, असं गांधीजींनी त्यांना सांगितल्याची आठवण बेकर पुढे आयुष्यभर सांगत राहिले. केरळात त्यांनी त्या विचारावर शेकडो इमारती उभ्या केल्या, त्यांत गरिबांची घरं होती, शाळा होत्या, अंगणवाड्याही होत्या. २००७ साली ते वारले. खर्च कसा कमी करावा यावर त्यांनी स्वतःच्या चित्रांसह लिहिलेल्या पुस्तिका आजही वाचण्यासारख्या आहेत. वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावली आणि मध्ये पोकळी ठेवली तर भिंतीला सुमारे पाव हिस्सा विटा कमी लागतात. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट फारसं काम करत नाही, तिथं जुनी कौलं भरली तर सिमेंट वाचतं. वीट चांगली असेल तर गिलावा कशाला, हा त्यांचा नेहमीचा सवाल.

आता गंमत अशी, की स्वतः गांधीजी १९२४ आणि १९४४ साली दुखण्यातून उठल्यावर आमच्या जुहूलाच येऊन राहिले होते. पण जुहूपासून पाच मैलांत काय मिळतं ते मी पाहिलं. समुद्राची वाळू मिळते, जी काँक्रीटमध्ये घालणं म्हणजे आतल्या सळईला विष देणं. नारळाच्या झावळ्या मिळतात. आणि वाटेल तेवढा मलबा मिळतो. कारण निम्मं जुहू पुनर्विकासासाठी पाडलं जात आहे. मलबा म्हटलं तर नाक मुरडायचं कारण नाही. जुन्या बंगल्यांच्या सागवानी चौकटी, जाड फळ्यांचे दरवाजे, बिडाचे गज, हे सगळं त्यातूनच निघतं आणि जोगेश्वरीच्या ओशिवरा बाजारात येऊन पडतं. अध्यक्षबाई, मी आणि एक म्हातारे सुतार, असे आम्ही तिथं एक रविवार घालवला. सहा दरवाजे आणि नऊ खिडक्या नव्या प्लायवूडपेक्षा कमी भावात मिळाल्या. पन्नास पावसाळे पाहिलेलं ते लाकूड आणखी पन्नास पाहील असं सुतारबाबांचं मत. त्यांनी दरवाजांचे वरचे भाग कापून उंची कमी केली आणि कापलेल्या तुकड्यांची बुटकी कपाटं करून दिली. ही कपाटं म्हणजेच खोल्यांमधल्या भिंती. चार ठिकाणच्या विटांच्या भिंती आराखड्यातून गेल्या. बाईंना बसल्या जागेवरून सगळी मुलं दिसतात आणि मुलांना मात्र आपण वेगळ्या खोलीत आहोत असं वाटतं. कपाटामागे फट ठेवायची सूचना माझी होती.

बेकर यांच्या बाकीच्या युक्त्यांचं तसं झालं नाही, आणि त्याचं कारण लिहिण्यासारखं आहे. कौलं भरलेला स्लॅब आमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला मान्य नव्हता. तो म्हणाला, “काका, कल्पना उत्तम आहे. पण कौलांच्या मधल्या पट्ट्यांत सळई बरोबर मध्यावर बसवायला रोज कोणीतरी उभं राहायला पाहिजे. बेकरसाहेब स्वतः उभे राहायचे. इथं मुकादम उभा राहणार, आणि तोही तीन साइटींवर एकाच वेळी.” मला पटलं. स्वस्त बांधकामाला महाग देखरेख लागते ही गोष्ट पुस्तिकांतून नीटशी कळत नाही. उघड्या विटांची भिंतही पश्चिमेला नको असं ठरलं, कारण आमच्याकडे पाऊस वरून न येता समुद्राकडून आडवा येतो. पूर्वेच्या आणि आतल्या भिंतींचा गिलावा मात्र वाचवला. जुनी मंगलोरी कौलं पडवीवर चढली.

ही पडवी म्हणजे सगळ्या आराखड्यातली खरी बचत. कार्यालयांतल्या पाळणाघरांसाठी केंद्र सरकारनं २०१८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत दर मुलामागे किमान दहा ते बारा चौरस फूट जागा सांगितली आहे. आपल्या एकेरी पलंगाला याहून जास्त जागा लागते. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हा आकडा ३५ आहे. जुहूत पस्तिसाला पस्तिसानं गुणून बांधकाम काढलं तर मंडळ दिवाळं काढील. पण पडवीला भिंती लागत नाहीत, दिवे लागत नाहीत, पंखेही कमी लागतात. चार खांब आणि एक उतरतं छप्पर. पावसाळा सोडला तर आठ महिने मुलं सकाळभर तिथंच असतात, आणि छप्पर आठ फूट पुढे काढलं की पावसाळ्यातही निम्मी पडवी कोरडी राहते. आतल्या खोलीत मुलामागे वीस फूट आणि पडवीत पंधरा, असा पस्तीसचा मेळ आम्ही बसवला.

चकचकीत व्हिट्रिफाइड लाद्या गेल्या, कारण ओल्या पायानं त्यांवर मूल सपकन आपटतं. कोटा फरशी आली. भिंतींवरची परदेशी उंदरा-बदकांची चित्रं गेली. खालच्या तीन फुटांच्या पट्ट्याला फळ्याचा काळा रंग दिला. चित्रं मुलं काढतील आणि रोज पुसतील. छोट्या खुर्च्या-टेबलांचे चाळीस नग होते, त्याजागी सतरंज्या आणि दहा पाट आले. खिडकीची कड पावणेदोन फुटांवर आणली, गज बाहेरून आडवे न लावता उभे लावले, म्हणजे चढता येत नाही. याला जास्तीचा एक पैसा पडला नाही. कागदावरच्या रेघेची जागा तेवढी बदलली.

इथवर सगळं खेळीमेळीनं चाललं होतं. मग कापाकापीची चटक लागली. हा प्रकार मी कारखानदारांतही पाहिला आहे. एक सभासद म्हणाले, जोतं कशाला एवढं उंच? तीन फुटांऐवजी दीड फूट केलं तर भरावाचे पैसे वाचतील आणि मुलांना पायऱ्याही कमी. त्यांचं घर सातव्या मजल्यावर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. वेधशाळा इथून हाकेच्या अंतरावर. त्या दिवशी इर्ल्याचा नाला आणि रस्ता यांत फरक उरला नव्हता. तळमजल्यावरच्या लोकांना विचारा. जोतं तीन फूटच राहिलं, पायऱ्या अर्ध्या उंचीच्या केल्या आणि बाजूनं एक उतार काढला.

दुसऱ्यांनी काँक्रीटकडे बोट दाखवलं. सळईवर काँक्रीटचं जे आवरण असतं ते समुद्रकाठी ४५ मिलिमीटर असावं असं भारतीय मानक सांगतं, आणि काँक्रीटही चढ्या दर्जाचं मागतं. आतल्या भागात वीस-पंचवीसवर भागतं. खाऱ्या हवेतला क्षार हळूहळू आत झिरपतो, सळई गंजते, फुगते आणि वरचं काँक्रीट फोडून टाकते. जुहूच्या जुन्या सोसायट्यांतून ‘खपल्या पडतात’ म्हणून जी तक्रार दर सर्वसाधारण सभेत होते ती हीच. बसल्या माणसाच्या डोक्यावर खपली पडली तर टेंगूळ येतं. झोपलेल्या बाळावर पडली तर काय होईल हे इंजिनिअरनं शांतपणे सांगितलं आणि सभासदांनी बोट मागे घेतलं.

तिसरी सूचना सगळ्यांत आकर्षक होती, आणि दुर्दैवानं तिच्यामागे बोर्डीचाच आधार होता. पडवीवर लोखंड आणि कौलं कशाला? बांबू आणि झावळ्या घालू. मुलांना गावासारखं वाटेल, फोटोही छान येतील, ताराबाईंनी तेच केलं नव्हतं का? मला तामिळनाडूतल्या कुंभकोणमची आठवण द्यावी लागली. १६ जुलै २००४ रोजी तिथल्या एका शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून आग निघाली, शाकारलेलं छप्पर पेटून मुलांवर कोसळलं आणि ९४ मुलं गेली. स्वयंपाकघर वर्गाला लागून होतं, जिना अरुंद होता. अंगणातल्या झाडाखाली बसणं वेगळं आणि बंद जागेवर झावळ्या घालून त्याला अंगण म्हणणं वेगळं. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानं याच दुर्घटनेच्या संदर्भात शाळांच्या अग्निसुरक्षेबद्दल देशभरासाठी आदेश दिले. आमच्याकडे दोन्ही टोकांना बाहेर उघडणारी दारं, स्वयंपाकघर वेगळ्या भिंतीआड आणि विजेचा धक्का बसण्याआधी प्रवाह तोडणारं यंत्र, या तीन बाबी मी लाल शाईनं चौकटीत बंद करून टाकल्या. संडासाच्या मुलांच्या मापाच्या भांड्यांभोवतीही तशीच चौकट. मदतनीस बाईंचा दिवसातला तासभर वेळ त्यांनी वाचतो, आणि पुढची तीस वर्षं रोज वाचणार आहे.

एवढं करूनही पैसे थोडे कमीच पडले. ते भरून काढण्यासाठी कुणी तरी म्हणालं, सुरुवातीला दोनच बाया ठेवू. २०१८ च्या त्याच तत्त्वांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक आणि तीन वर्षांवरच्या वीस मुलांमागे एक कार्यकर्ती, शिवाय मदतनीस, असं प्रमाण आहे. आमच्या पस्तिसांत पंधरा तान्ही. म्हणजे तीन आणि मदतनीस हे कमीतलं कमी. जुहू रस्त्यावर एसएनडीटीचं गृहविज्ञान महाविद्यालय आहे, बालविकास शिकलेल्या मुली तिथून बाहेर पडतात. त्यांतली एक आमच्याकडे मुलाखतीला आली होती. पगाराचा आकडा ऐकून ती नम्रपणे म्हणाली, “सर, मॉलमध्ये याच्यापेक्षा जास्त देतात, आणि तिथं रडणारं कोणी नसतं.” मी तिचं वाक्य बैठकीत तसंच्या तसं सांगितलं. दोन बायांचा प्रस्ताव मागे पडला. त्याऐवजी वरचा मजला, जो पुढे कधीतरी सभागृह म्हणून भाड्यानं द्यायचा होता, तो आराखड्यातून गेला. अध्यक्षबाईंना वाईट वाटलं. त्यांच्या मनात तिथं हळदीकुंकू होतं.

काम सुरू व्हायच्या आधल्या आठवड्यात कंत्राटदार मजुरांची यादी घेऊन आला. गवंडी, सेंटरिंगवाले, बिगारी. बिगाऱ्यांत सात बायका. आणि त्यांच्याबरोबर मुलं, यादीत अर्थातच नसलेली.

१९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळ गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचं बांधकाम चालू होतं. मीरा महादेवन यांनी तिथं धुळीत पडलेली मजुरांची मुलं पाहिली आणि एका तंबूत पाळणाघर सुरू केलं. ‘मोबाइल क्रेशेस’ या नावानं ते काम १९७२ मध्ये मुंबईला आलं. पुढे मुंबईची शाखा स्वतंत्र झाली. बांधकामाच्या जागी पत्र्याची खोली किंवा अर्धवट झालेल्या इमारतीतलाच एखादा गाळा घ्यायचा, त्यात पाळणे टांगायचे, आणि इमारत पुरी झाली की पाळणे सोडवून पुढच्या बांधकामावर जायचं. बांधकामाचा खर्च शून्य असलेलं पाळणाघर बोर्डीनंतर हेच. १९९६ च्या बांधकाम मजुरांच्या कायद्यानं पन्नासहून जास्त स्त्रिया कामावर असतील तिथं सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली देणं सक्तीचं केलं. आमच्याकडे होत्या सात. कायद्याला त्या दिसायचं कारण नव्हतं.

अध्यक्षबाईंनी कंत्राटदाराला विचारलं, “यांची पोरं दिवसभर कुठं असणार?” तो म्हणाला, “इथंच खेळतात, बाई. सवय असते त्यांना.” बाईंनी आमच्याकडे पाहिलं. जुनी शेड पाडून मगच पाया खणायचा, असं ठरलं होतं. त्याऐवजी जागेचे दोन भाग केले. शेडचं समुद्राकडचं निम्मं अंग उभं ठेवलं, त्यावरची कौलं शेवटपर्यंत काढायची नाहीत असं ठरवलं, आणि नवी इमारत मागच्या निम्म्यात आधी उभी करायला घेतली. कामाला दोन महिने जास्त लागणार आणि कंत्राटदार त्याचे पैसे लावणार, तेवढे मंजूर केले. बचतीच्या यादीत उलट्या चिन्हाची ही एकच नोंद आहे.

सध्या शेडमध्ये मंडळाची पस्तीस आणि मजुरांची अकरा, अशी सेहेचाळीस मुलं बसतात. जागा अपुरी आहे, दुपारी झोपवताना आडवी-उभी रचावी लागतात. अकरांतली बहुतेक कर्नाटकातली आहेत, मराठी समजत नाही, पण शिंपल्यांच्या ढिगाभोवती त्यांचं अडत नाही. त्यांच्यातला एक चार वर्षांचा मुलगा रोज सकाळी पहिल्यांदा कुंपणाशी जाऊन आई पाटी उचलताना दिसते का ते बघून येतो आणि मग बसतो. बाईंनी त्याच्यासाठी कुंपणाचा पत्रा एका ठिकाणी कापून त्याच्या उंचीवर जाळी बसवून घेतली आहे.